‘मुलगी आता खेळत नाही, किट विकणे आहे’

परवा दुपारी शेजारच्या वहिनी मोबाईल घेऊन आल्या. म्हणाल्या, “ताई, जरा बघता का? हे खरं असेल का हो?” मोबाईलवर एक जाहिरात होती. क्रिकेटचं किट. बॅट, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, सगळं बॅगेसकट. किंमत अठराशे, ठिकाण सिडको. आणि खाली एकच ओळ : ‘मुलगी आता खेळत नाही, किट विकणे आहे.’

वहिनींचे मिस्टर अंबड एमआयडीसीत कामाला, पाळ्या सांभाळून घर चालतं. लेक सातवीत. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा ही पोर मध्यरात्रीपर्यंत टीव्हीसमोरून हलली नव्हती. सांगलीची स्मृती मानधना खेळते, तर मी का नाही, हा तिचा सरळ हिशेब. मैदानावर जायला लागली, आणि आता सरांनी सांगितलं, ‘सीझन बॉल सुरू करायचा, किट आणा.’ दुकानात सगळं मिळून सहा हजारांच्या घरात जात होतं. मिस्टर म्हणाले, “आधी बघू, किती दिवस टिकतंय हे खूळ.”

“आणि धाकट्याची सायकल?” मी विचारलं. ती गेल्या दिवाळीत नवी कोरी आली होती. वहिनी हसल्या. म्हणाल्या, “तेव्हा नाही कुणी असं विचारलं.”

संध्याकाळी आम्ही दोघी आणि लेक, तिघी सिडकोत त्या पत्त्यावर गेलो. दार उघडणाऱ्या बाई अगदी आपल्यासारख्याच. चहा टाकते म्हणाल्या. किट त्यांच्या मुलीचं. दोन वर्षं खेळली. मग नववी लागली, क्लास लागले, संध्याकाळी उशीर व्हायला लागला. “आणि आता मोठी झाली ना,” एवढंच म्हणून त्या थांबल्या. पुढचं सांगायची गरज नव्हती.

आम्ही बॅट उलटसुलट बघत होतो, तेवढ्यात आतल्या खोलीतून ती मुलगी आली. आमच्या पोरीला म्हणाली, “ग्रिप बदलून घे, सैल झालीय. आणि बॅटला अधूनमधून जवसाचं तेल लाव, हलक्या हाताने.” एवढं बोलून आत गेली. पंधराशेला सौदा ठरला. येताना रिक्षात वहिनी गप्प होत्या.

मैत्रिणींनो, जुनं घेण्यात कमीपणा कसला? आपण मोठ्या बहिणीचे फ्रॉक घातले, पुढच्या वर्गातल्या मुलींची पुस्तकं अर्ध्या किमतीत घेतली. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये मोठी मोहीम काढून हटवला, पण त्याआधी किती घरांचा संसार तिथल्या जुन्या सामानावर उभा राहिला, हे इथल्या लोकांना सांगायला नको. आता तोच बाजार मोबाईलमध्ये आला आहे. मुलं भराभर वाढतात, पॅड आणि स्केट्स वर्षा-दोन वर्षांत लहान होतात. अशा वस्तूंवर सहा हजार घालण्याऐवजी पंधराशे घातले, तर उरलेल्या पैशांत मैदानाची फी निघते.

पण डोळे उघडे ठेवून घ्यायला हवं. सगळ्यात आधी, काय घेऊ नये ते ऐका. वापरलेलं हेल्मेट नको, मग ते क्रिकेटचं असो की सायकलचं. एकदा जोराचा मार बसला की आतला फोम दबतो, वरून काही दिसत नाही, आणि पुढच्या वेळी ते डोकं वाचवत नाही. त्या किटमधलं हेल्मेट वहिनींनी तिथेच परत ठेवलं, नवीन घेतलं. तसेच धावण्याचे बूट. त्यांचा तळवा आधीच्या पायाच्या चालीप्रमाणे दबलेला असतो. स्वस्त पडले तरी गुडघे दुखायला लागतील.

बाकीचं बघून घ्या. बॅट पायाला टेकवून उभी धरली तर मूठ साधारण कमरेपर्यंत यावी. ‘पुढे वाढेल ना’ म्हणून मोठी घेऊ नका, जड बॅटने मनगटाची वाट लागते. मूठ आणि पातं जुळतं ती जागा आणि खालचं टोक, इथे चीर आहे का बघा. चेंडूही भावाचा उचलून देऊ नका. पुरुषांच्या क्रिकेटमधला चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, बायकांच्या क्रिकेटमधला १४० ते १५१, आणि १३ वर्षांखालच्या मुलांसाठी १३३ ते १४४. वीस-पंचवीस ग्रॅमचा फरक लहान हाताला चांगलाच जाणवतो.

बॅडमिंटनची रॅकेट उजेडात धरून फ्रेमवर बारीक तडा आहे का पाहा. जाळी सैल असेल तर हरकत नाही, गटिंग करून मिळतं. फ्रेम तडकली की संपलं. सायकल घेताना पेडलच्या दांड्याखाली फ्रेमचा नंबर असतो, तो बिलाशी ताडून बघा. बिल नसेल आणि माणूस नंबरचा विषय टाळत असेल, तर सायकल चोरीची असू शकते. आणि स्वतःसाठी ट्रेडमिल घेणार असाल तर तिथेच दहा मिनिटं त्यावर चाला. पट्टा अडखळतो का, जळका वास येतो का, पाहा. टेम्पोचं भाडं आणि जिन्यावरून वर चढवायची मजुरी आधी विचारा. बहुतेक घरांत शेवटी त्यावर ओले कपडे वाळत घातलेले असतात, हेही लक्षात ठेवा!

आता पैशांचं. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी मुलासाठी जुनी सायकल बघितली. समोरचा म्हणाला, मी लष्करात आहे, बदली झाली, म्हणून स्वस्तात देतोय. वर्दीतला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवलं. आधी गाडीभाड्याचे पाचशे, मग गेटपासचे एकवीसशे, मग ‘हे परत मिळतील’ म्हणून आणखी. सायकल आलीच नाही. लष्कराचं नाव सांगून फसवायची ही जुनी युक्ती आहे, आणि ती चालते, कारण वर्दीवर आपला विश्वास असतो.

म्हणून वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. दिवसाउजेडी, कुणाला तरी सोबत घेऊन जायचं. घरी जाणं बरं वाटत नसेल तर पाथर्डी फाट्यासारख्या वर्दळीच्या ठिकाणी बोलवायचं. आपण विकत असलो तरी सावध राहायचं. आपल्याला पैसे मिळायचे असतील तेव्हा पिन टाकावा लागत नाही, की कुणी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, फक्त पिन टाका’ असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्या. फसगत झालीच तर लाजू नका, घरात कोण काय म्हणेल याचा विचार करत दोन दिवस घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.

हे सगळं शिकता येतं. पण रिक्षातली ती शांतता माझ्या मनातून जात नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्याची कविता राऊत, सावरपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरची. सुरुवातीला अनवाणी धावली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरचं कांस्यपदक मिळवलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. आपण कौतुकाने सांगतो, ‘बघा, पायात काही नव्हतं तरी कुठे पोचली.’ खरंच आहे. पण अनवाणी धावता येतं, अनवाणी क्रिकेट नाही खेळता येत. ज्या खेळाला सामान लागतं, तिथे मुलीचा खेळ घरातल्या हिशेबावर ठरतो. आणि तो हिशेब बहुतेक वेळा आपल्याच हातात असतो.

जुनं किट हा त्यावरचा चांगला मार्ग आहे, पण त्यात एक मेख आहे. मुलाला नवीन आणि मुलीला जुनं, असा पायंडा पडला तर तिला बरोबर कळतं, आपल्या खेळाची घरात किंमत काय आहे ते. जुनं घ्यायचं तर दोघांना जुनं घ्या. ‘टिकेल का’ विचारायचं तर दोघांनाही विचारा.

आणि विकणाऱ्या आयांनाही एक विनंती. जाहिरात टाकण्याआधी एकदा लेकीला जवळ बसवून विचारा, ‘तुला खरंच नको आहे का?’ तिचं मन उडालं असेल तर जरूर विका, दुसरी कुणी खेळेल. पण अंधार पडतो, क्लासची वेळ जुळत नाही, पाळी सुरू झाली, लोक काय म्हणतील, अशी कारणं असतील तर त्यावर किट विकणं हा उपाय नाही. वेळ बदलून बघा. चार जणी मिळून आळीपाळीने मैदानावर बसा. भिशीसाठी जमतोच ना आपण? त्याच भिशीत गल्लीतल्या माळ्यांवर पडलेलं सामान गोळा करून ठेवा, ज्या मुलीला लागेल ती नेईल आणि परत आणून देईल.

वहिनींची लेक आता रोज जाते. परवा सांगत होती, तिने बॅटला तेल लावलं आणि ग्रिपही बदलली. मग म्हणाली, “काकू, त्या दीदीला बोलवूया का आपल्या मैदानावर? ती मला शिकवेल.” वहिनींनी त्या बाईंचा नंबर जपून ठेवला आहे. येत्या रविवारी त्या फोन करणार आहेत.