कासवाचे ऊन

विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामी यांचे लांछन कासव. त्याच जीवाला काचेच्या वाडग्यात कोंडून हौस भागवावी, हे मनास पटत नाही. रुपयाएवढे ‘लाल कानाचे’ पिल्लू पुढे वीतभर होते व २०-३० वर्षे जगते, हे विक्रेता क्वचितच सांगतो. त्यास मोठी टाकी, पाणी गाळणारे यंत्र, अंग सुकविण्यास कोरडा उंचवटा आणि त्यावर उबेच्या दिव्याबरोबर यूव्हीबी दिवाही हवा. टाकी खिडकीशी ठेवून भागत नाही. काच नेमके तेच किरण अडवते. मग अन्नातील कॅल्शियम अंगी लागत नाही, कवच मऊ पडते. खर्च झेपणार नसेल तर आणूच नये. आणि कंटाळून, जीवदयेच्या नावाखाली, गोदावरीत तर मुळीच सोडू नये. हे अमेरिकी कासव तेथील देशी कासवांचे अन्न नि ऊन खाण्याची जागा दोन्ही बळकावते.