उभं राहायला जागा

गावाकडचे पाहुणे आले की अंबरनाथ-बदलापूरच्या माणसाची रविवारीही लोकलमधून सुटका नसते. ‘मुंबई दाखवा’ म्हटलं की काय दाखवायचं ते ठरलेलं : सीएसएमटीची इमारत, तिथून चालत हुतात्मा चौक, पुढे काळा घोडा आणि शेवटी गेटवे. एरवी याच रस्त्यानं मान खाली घालून ऑफिस गाठणारे आम्ही त्या दिवशी गाईड होतो.

हुतात्मा चौकात पाहुणे हमखास रेंगाळतात. एकीकडे १८६४ चं फ्लोरा फाउंटन, जवळच मशाल धरलेले शेतकरी-कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर इथंच गोळीबार झाला. ही राजधानी आपल्याला फुकट मिळालेली नाही, हे पोरांना सांगायला याहून चांगली जागा नाही. मधे कारंज्याची डागडुजी झाली, भोवती फरसबंदी आली, खोदताना सापडलेले ट्रामचे जुने रूळही तिथं मांडले. पोरं त्या रुळांवरून तोल सावरत चालतात, आजोबा टेकतात, आणि इतिहास सांगायला आम्हाला उसंत मिळते.

वयाचंच बघायचं तर आमचं अंबरनाथचं शिवमंदिर या कारंज्याहून आठशे वर्षांनी मोठं. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलं. बाहेरच्या भिंतीवर बोट टेकवायला कोरी जागा सापडत नाही इतकं कोरीव काम, आणि गाभाऱ्यात जायचं तर पायऱ्या उतरून खाली. पण पाहुण्यांना तिथं न्यायचं म्हणजे आधी स्टेशनाबाहेरच्या रिक्षांतून अंग चोरत निघायचं आणि मंदिराशी पोचल्यावर वालधुनी नदीच्या वासाला नाकावर रुमाल धरायचा. शिल्पं बघायची कधी?

आमच्याकडे चौकांना तोटा नाही. पुतळा असतो, नामफलक असतो, वाढदिवसाचे फ्लेक्स तर बारमाही. थांबलात मात्र मागून हॉर्न. अपवाद उल्हासनगरच्या गोल मैदानाचा. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडलेल्या सिंधी निर्वासितांचं हे गाव, दाटीवाटीसाठी प्रसिद्ध. तरी तिथं सकाळी फेऱ्या मारणारी आणि संध्याकाळी गप्पा ठोकणारी माणसं दिसतात. दाटीच्या गावात हे जमतं, तर जागा नाही ही सबब इतरांनी सांगू नये.

आमच्या गावांत सुशोभीकरणाचा निधी आला की आधी कमान उभी राहते आणि मग तिच्याखाली रिक्षा. पुढच्या खेपेला कमानीआधी चार बाक आखा, एखादं सावलीचं झाड लावा आणि वालधुनीत सांडपाणी सोडणं थांबवा. पाहुण्यांना काय दाखवायचं, ते आम्ही बघून घेऊ.