लक्सरला जाल तेव्हा कारागिरांच्या गावीही जा

आपल्या बडोदेकरांची इजिप्तशी पहिली ओळख कमाटीबागेत होते. तिथल्या संग्रहालयातली ममी बहुतेकांनी शाळेत असताना, थोडं घाबरत, थोडं ढकलाढकली करत पाहिलेली असते. आता आपल्यातली तरुण जोडपी खरोखरच इजिप्तला निघतात आणि विचारतात, "पिरॅमिड तर पाहूच, पण लक्सरला किती दिवस द्यायचे?"

सहल कंपन्या लक्सर एक-दीड दिवसात उरकतात आणि लगेच क्रूझवर चढवतात. आम्ही दोघं पहिल्यांदाच, आपलं आपण गेलो होतो. त्या अनुभवावरून सांगते, दोन पूर्ण दिवस द्या आणि त्यातले निदान दोन तास दैर अल-मदिना या लहानशा जागेसाठी राखून ठेवा.

लक्सर म्हणजे जुनं थीब्ज. नाईल मधून वाहते. पूर्वेला गाव आणि देवळं, पश्चिमेला डोंगर आणि थडगी. दिवसही तसेच वाटून घ्या. पहिला दिवस पूर्वेचा. सकाळी कर्नाक. तिथल्या एकाच सभामंडपात १३४ खांब आहेत आणि मधले बारा सुमारे २१ मीटर उंच, म्हणजे आपल्या सात मजली इमारतीएवढे. संध्याकाळी लक्सरचं देऊळ, दिवे लागल्यावर. त्याच्या दारातल्या दोन दगडी स्तंभांपैकी एकच उरलाय. दुसरा १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे. याच देवळाच्या आवारात अबू हग्गाग यांची मशीद आहे आणि तिथे आजही नमाज होते. दोन्ही देवळांना जोडणारा सुमारे पावणेतीन किलोमीटरचा स्फिंक्सांचा रस्ता २०२१ मध्ये खुला झाला.

दुसरा दिवस पश्चिमेचा. राजांच्या दरीत सकाळी सहाला, दार उघडताच पोहोचा. नंतर ऊनही चढतं आणि क्रूझवाल्यांच्या बसही येतात. इथे साठाहून जास्त थडगी सापडली आहेत. साध्या तिकिटात तीन पाहता येतात. तुतनखामेन आणि पहिला सेती यांची तिकिटं वेगळी. भिंतींवरचे रंग पाहून थक्क व्हायला होतं. पण तीन थडगी पाहून वर आलो तेव्हा नवरा म्हणाला, "राजा, देव, राजा, देव. हे सगळं रंगवलं कुणी?"

त्याचं उत्तर डोंगराच्या पलीकडे आहे. दैर अल-मदिना हे त्या कारागिरांचं गाव. दगड फोडणारे, चितारी, लेखनिक, त्यांच्या बायका-मुलं. साधारण सत्तर घरं, एकमेकींना चिकटलेली. आज गुडघ्या-कमरेएवढ्या भिंती उरल्यात, पण मधली अरुंद गल्ली, पुढची खोली, मागची चूल सहज ओळखू येते. पुरुष डोंगरवाटेने दरीत कामाला जात. इजिप्तचा आठवडा दहा दिवसांचा. बरेचदा आठ दिवस काम करून ते घरी परतत.

या माणसांबद्दल आपल्याला इतकं कळतं, कारण ते दगडाच्या कपच्यांवर आणि खापरांवर लिहून ठेवत. त्यांचा एक हजेरीपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गैरहजेरीची कारणं त्यात नोंदली आहेत: विंचू चावला, डोळे दुखतात, आईच्या प्रेताची तयारी करायची होती, बिअर गाळायची होती. आपल्या ऑफिसातल्या रजेच्या अर्जांपेक्षा हे फार वेगळं नाही!

पगार धान्यात मिळे. इसवी सनपूर्व ११५७ च्या सुमारास, तिसऱ्या रामसेसच्या राज्यात, तो थकला. तेव्हा हे कारागीर हत्यारं खाली ठेवून गावाबाहेर पडले आणि देवळांपाशी जाऊन बसले. आम्ही भुकेलेले आहोत, कपडा नाही, तेल नाही, मासे-भाजी नाही, हे राजाला कळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. अखेर धान्य मिळालं. जगाच्या इतिहासात लेखी नोंद असलेला हा सर्वांत जुना संप मानतात. त्याचा कागद, म्हणजे पपायरस, इटलीत तुरीनला आहे.

गावाच्या कडेलाच त्यांची स्वतःची थडगी आहेत. १८८६ मध्ये सापडलेलं सेन्नेजेमचं थडगं चुकवू नका. जिना अरुंद, खोली लहान, वाकून आत जावं लागतं. राजांच्या थडग्यांत राजा देवांपुढे उभा असतो. इथे नवरा-बायको बरोबर शेतात आहेत. तो नांगर धरतो, ती मागून टोपलीतलं बी पेरते. तो विळ्याने गहू कापतो, ती मागे कणसं गोळा करते. मेल्यानंतरचा स्वर्ग त्यांनी असा रंगवला! रंग काल लावल्यासारखे ताजे आहेत. आम्ही दोघंच होतो आत. बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

आता पैशांबद्दल, कारण जोडप्यांची भांडणं तिथेच होतात. लक्सरमध्ये पावलोपावली 'बक्शीश' मागतात. हा आपलाच बक्षीस शब्द. हॉटेलात बिल मागताना ते 'हिसाब' म्हणतात आणि संपलं की 'खलास'. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द मराठीत इतके मुरलेत की तिथे ऐकताना गंमत वाटते. नवऱ्याचं मत, मागितल्यावर द्यायचंच नाही. माझं मत, थडग्याचा राखणदार उन्हात दिवसभर बसतो, त्याला दिलेच पाहिजेत. आम्ही तोडगा काढला: रोज सकाळी सुट्ट्या नोटा एका पाकिटात घालायच्या, त्यातून द्यायच्या आणि पाकीट संपलं की खलास. घोडागाडी आणि नाव यांचं भाडं मात्र चढण्याआधी पक्कं करा. कारागिरांचं गाव पाहिल्यावर नवऱ्याने नावाड्याशी घासाघीस केली, पण थोडीच.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, छोले आणि वर तळलेला कांदा. बाकल्याच्या डाळीची तामिया आपल्या वड्यांची बहीण शोभते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे; उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. दैर अल-मदिनाचं तिकीट वेगळं असतं. ते मेम्नॉनच्या पुतळ्यांजवळच्या तिकीटघरात मिळतं, म्हणून गाडीवाल्याला निघतानाच सांगून ठेवा. नाहीतर तो संगमरवराच्या दुकानात नेईल आणि तुमचे दोन तास तिथेच जातील.

राजांची नावं परत येईपर्यंत विसरायला होतील, आमचीही गडबड होते. सेन्नेजेम आणि त्याची बायको इनेफर्ती यांची नावं मात्र दोघांनाही पाठ आहेत.