साडेपाचशेची रेड वाइन : जिभेला ठीक, पण हृदयाला?

दोन महिन्यांपूर्वी एक जुने पेशंट नाशिकची सहल करून आले आणि माझ्या टेबलावर रेड वाइनची एक बाटली ठेवली. "डॉक्टर, फक्त साडेपाचशेला मिळाली. हजारवालीच्या तोंडात मारेल अशी आहे. मी सहा आणल्यात. आणि तुम्हीच तर म्हणाला होतात, रेड वाइन हार्टला चांगली!"

मी नाही म्हणू शकलो नाही. कारण मी खरंच तसं म्हणालो होतो. साधारण वीस वर्षांपूर्वी आम्ही अनेक डॉक्टर तसं म्हणत होतो. म्हणून हा लेख.

आधी चवीबद्दल. मी वाइनमधला जाणकार नाही, वर्षातून चार-पाच वेळा एखादा ग्लास घेतो. रविवारी ती बाटली उघडली. बूच नव्हतं, फिरवायचं झाकण होतं. हा कमीपणा समजू नका, ताजी असताना प्यायच्या वाइनला ते झाकण उत्तम. पहिला घोट मात्र गरम आणि जळजळीत लागला. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी असं म्हणतात, पण ती रूम युरोपातली, आपली एप्रिलमधली नव्हे! अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर तीच वाइन सुधारली. जांभळासारखा वास, थोडी मिरीची झाक आणि शेवटी जिभेवर कोऱ्या चहासारखा तुरटपणा. हा तुरटपणा द्राक्षाच्या साली-बियांमधल्या टॅनिनचा. घोट गिळला की चव लगेच संपते, महागड्या वाइनची जरा रेंगाळते. तरी साडेपाचशे रुपयांत जेवणाबरोबर ही वाईट नाही, असं माझं मत झालं.

पण आपली जीभ किमतीला फार लवकर फसते. 2008 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. लोकांना एकच वाइन दोनदा दिली, एकदा 10 डॉलरची म्हणून आणि एकदा 90 डॉलरची म्हणून. महाग सांगितलेली जास्त आवडली. एवढंच नाही, तर स्कॅनमध्ये मेंदूतला सुखाशी संबंधित भागही तेव्हा जास्त काम करताना दिसला. (जेनेरिक गोळी "लागू पडत नाही" म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.) त्यामुळे स्वस्त वाइन आवडली तर लाजू नका, महाग आवडली नाही तरी लाजू नका.

एक वाइन मात्र यातून वगळतो. गोव्यात आणि आपल्याकडे 'पोर्ट' नावाने मिळणारी स्वस्त, गोड लाल वाइन. तिच्यात साखर भरपूर असते. डायबेटिसवाल्यांनी तिला सरबत समजू नये.

आता हृदयाकडे. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, त्याचं श्रेय रेड वाइनला असावं, अशी कल्पना 1991 साली अमेरिकन टीव्हीवरून जगभर पसरली. मग द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल हे द्रव्य गाजलं. पण वाइनच्या एका लिटरमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं, प्रयोगांत वापरतात ते शेकडो मिलिग्रॅम. इटलीत कियान्ती नावाचा वाइनसाठीच प्रसिद्ध प्रदेश आहे. तिथल्या 65 वर्षांवरच्या 783 जणांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लघवीत रेस्व्हेराट्रॉलचे अंश जास्त होते त्यांचा मृत्यू, हृदयविकार किंवा कॅन्सर काही कमी झालेला दिसला नाही. कियान्तीत नाही, तर आपल्याकडे कुठून होणार?

मग "थोडी पिणारे जास्त जगतात" असं जुने अभ्यास का सांगत होते? त्यातल्या 'न पिणाऱ्यां'च्या गटात असे बरेच जण होते, ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडलेली होती. आजारी माणसांशी तुलना केली की थोडी पिणारा ठणठणीत दिसणारच. शिवाय थोडी वाइन पिणारा माणूस बहुधा पैशाने बरा, चालायला जाणारा, वेळेवर तपासण्या करणारा असतो. दुसरीकडे, दारूने कॅन्सर होतो हे पक्कं आहे आणि त्यात वाइनला सूट नाही. सुरक्षित असं कुठलंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं.

"वाइन म्हणजे दारू नाही हो" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. हिशेब करा. 750 मिलिची बाटली, 12.5 टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे 74 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये ते सुमारे 61 ग्रॅम. आमचे हे पेशंट पाण्याच्या ग्लासने दोन ग्लास, म्हणजे अंदाजे 400 मिलि घेत होते. जवळजवळ दोन लार्ज पेग, आणि तेही औषध म्हणून, रोज!

बाटली दिल्यानंतर तीन आठवड्यांनी रात्री अडीचला त्यांच्या पत्नीचा फोन आला. "घामाने भिजलेत, काहीतरी बरळतायत. जरा जास्त झाली असेल का?" मी म्हटलं, आधी शुगर बघा. 46 होती. नशिबाने ते गिळू शकत होते. साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांत शुद्धीवर आले. ते ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. त्या रात्री गोळी घेतली, दोन ग्लास घेतले, शेंगदाणे खाल्ले आणि जेवण टाळलं. गोळी इन्शुलिन सोडत राहते. रक्तातली साखर उतरली की यकृत नवी साखर तयार करून देतं, पण अल्कोहोल पचवण्यात गुंतलेलं यकृत ते काम करू शकत नाही. साखर घसरत जाते आणि घरच्यांना वाटतं, चढलीय, झोपू द्या. काकूंनी झोपू दिलं असतं तर मी आज वेगळा लेख लिहीत असतो.

तुम्ही पीत नसाल तर हृदयासाठी सुरू करू नका. पीत असाल आणि आवडते म्हणून पीत असाल, तर तसंच म्हणा, औषध म्हणू नका. कधीतरी, जेवणाबरोबर, दीडशे मिलि मोजून. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्शुलिन, झोपेच्या गोळ्या, रक्त पातळ करणारी वॉरफरिन यांपैकी काही चालू असेल, किंवा यकृताचा त्रास, वाढलेलं ट्रायग्लिसराइड असेल, तर आधी तुमच्या डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा. आम्ही रागावत नाही. निदान मी तरी आता रागावू शकत नाही. आणि कोलेस्टेरॉलसाठी दिलेली स्टॅटिनची जेनेरिक गोळी महिनाभरासाठी त्या बाटलीपेक्षा खूप स्वस्त पडते. तिला जांभळाचा वास नाही एवढंच.

माझ्या जुन्या पेशंटपैकी कुणाला मी "एक ग्लास घ्या, हार्टला बरी" असं सांगितलं असेल, तर ते वाक्य मी मागे घेतो. पुढच्या वेळी येताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि घरातला तो ग्लाससुद्धा घेऊन या. किती मिलिचा आहे ते आपण मोजून बघू.