अक्षर बारीक नको, वाक्ये कमी करा



आळंदची मुले खडकवासल्याच्या एनडीएचे स्वप्न पाहतात. २०२२ पासून तेथे मुलीही दाखल होत आहेत. लेखी परीक्षा पर्यायी उत्तरांची, मग निबंध कशाला, असे पालक विचारतात. परंतु पुढे एसएसबीत ३० सेकंद चित्र पाहून ४ मिनिटांत हाताने गोष्ट लिहावी लागते. अशा १२ गोष्टी. शेवटचे चित्र तर कोरेच!

जागा संपत आली की आपली मुले अक्षर बारीक करतात, समासात घुसतात. हिंदी माध्यमात शिकताना आम्हीही हेच केले. वाचणाऱ्याला अक्षर लागले नाही, तर विचार वाया जातो. कोण, अडचण काय, त्याने काय केले, एवढेच लिहा. विश्वस्तांनी यासाठी आठवड्याला एक तास द्यावा, ही विनंती.