गाडीच्या कुलपाला खोबरेल नको!

मैत्रिणींनो, कुलूप कुरकुरायला लागलं की आपला हात पहिल्यांदा कुठं जातो? खोबरेलाच्या बाटलीकडे! माझाही गेला. त्याचं प्रायश्चित्त दोन महिन्यांनी मिळालं, तेच आज सांगते. आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः व्हॅन चालवतात. कुणी मुलांना शाळेत पोचवते, तर कुणी माझ्यासारखी डबे.

आमची व्हॅन जुनी. साताऱ्याची सकाळ असते, सव्वासातला डबे भरून निघायचं. ऑक्टोबरात किल्ली एका फटक्यात फिरेनाशी झाली. दोनदा काढायची, तिसऱ्यांदा घालायची, मग साहेब प्रसन्न! हे म्हणाले, "फिटरला दाखव." म्हटलं, एवढ्याशा कामाला फिटर कशाला? चार थेंब खोबरेल सोडलं आणि किल्ली अशी मऊ फिरली की विचारू नका. जाऊबाईंना फोन करून मिरवलंसुद्धा. त्यांनी लगेच आपल्या स्कूटरच्या कुलपालाही तेच औषध दिलं.

डिसेंबरातल्या एका कडाक्याच्या सकाळी अठ्ठावीस डबे गाडीत चढवले, किल्ली घातली, ती जागची हलेना. जोर केला, तर किल्लीच वाकतेय असं वाटलं. घाम फुटला तो वेगळ्याच कारणानं. माझ्या डब्यांत एक आजोबांचा आहे. घरी दोघंच, आजींचे गुडघे गेलेले. आजोबा इन्शुलिनचं इंजेक्शन घेतात आणि लगेच माझ्या डब्यातली भाकरी खातात. फोन केला, तर आजी म्हणाल्या, "आत्ताच टोचलं की गं!" इंजेक्शन घेऊन पोटात काही गेलं नाही, तर साखर एकदम खाली येते. म्हटलं, आजी, आधी त्यांना दूध-बिस्किटं द्या, वाट बघू नका. धाकट्याला झोपेतून उठवून त्यांचा डबा स्कूटरवरून पिटाळला. तो पोचल्याचा फोन येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

गल्लीच्या टोकाला राहणारा फिटर आला. त्यानं आधी किल्लीला हातच लावला नाही. एका हातानं स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हातानं किल्ली फिरवून पाहिली. हे आपण प्रत्येकीनं शिकून ठेवायला हवं. किल्ली काढल्यावर स्टिअरिंगच्या दांड्यात एक खिट्टी बसते. चाक वळवून गाडी लावलेली असली, की सगळा ताण त्या खिट्टीवर येतो आणि किल्ली फिरत नाही. कुलूप बिचारं निर्दोष असतं! निम्म्या वेळा तरी एवढ्यानंच काम होईल.

माझं झालं नाही. त्यानं किल्लीचा वास घेतला. "वहिनी, आत काय घातलंत?" मी सांगितलं. तो हसला. "तुमची न्हाणीघरातली बाटली थिजलीय ना? मग कुलपातलं कसं पातळ राहील?"

खरंच की! सकाळीच डोक्याला लावताना बाटली उन्हात ठेवली होती मी.

या कुलपाच्या आत पितळेच्या पातळ चकत्या असतात, प्रत्येकीखाली बारीकशी स्प्रिंग. किल्लीच्या दात्यांनी सगळ्या चकत्या बरोबर एका पातळीत आल्या की नळी फिरते. एक जरी रुसून बसली तरी फिरत नाही. तेल आत गेलं की धूळ धरतं. गॅसच्या वरच्या फळीवर बसतं ना मेणचट किटण, तेच तिथं होतं. खोबरेल काय किंवा शिलाई मशीनचं तेल काय, गोष्ट तीच. फक्त खोबरेल थंडीत थिजतं, एवढं जादा.

आमची किल्ली साधी, निव्वळ धातूची. त्यानं ती गरम पाण्यात धरली, कोरडी पुसली, घातली, पुन्हा तेच केलं. चौथ्या वेळी फिरली. दुपारी बॅटरीची तार काढून, विजेच्या जोडांसाठी मिळतो तो लगेच उडून जाणारा स्प्रे मारून त्यानं कुलूप धुतलं. वाळल्यावर ग्रॅफाइटची पूड, तीही चिमटीभरच. कुलपाच्या मागंच विजेचा स्विच असतो आणि ग्रॅफाइटमधून वीज जाते, म्हणून मुठीनं ओतायची नाही. घरी करायचं तर मुलांची शिसपेन्सिल घ्या, किल्लीच्या दात्यांवर दोन्ही बाजूंनी घासा आणि चार-पाचदा आत-बाहेर करा. शिसं म्हणतो ते ग्रॅफाइटच. पण आधी तेल घातलेलं असेल, तर कुलूप धुतल्याशिवाय हे करू नका, चिखल होईल.

मग त्यानं माझा जुडगा हातात घेऊन तोलला. घराची, कोठीची, कपाटाची, सायकलची किल्ली आणि वर पितळी गणपती! गाडी हादरते तसं हे सगळं ओझं कुलपाला ओढत असतं, त्यानं किल्ली आणि कुलूप दोन्ही झिजतात. जुडगा सासूबाईंच्या कमरेला शोभायचा, गाडीला नाही. आता गाडीची किल्ली वेगळी आहे.

दुसरी किल्ली करायची झाली, तर झिजलेली देऊ नका. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं होतं, झिजही उतरते. कपाटाच्या खणात पडलेली, न वापरलेली जोडकिल्ली काढा आणि किल्लीवाल्याला ती द्या. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांच्या किल्लीत बारीक चिप असते. ती नुसती कापून चालत नाही, गाडीला तिची ओळख करून द्यावी लागते. अशी किल्ली गरम पाण्यातही घालायची नाही.

किल्ली फिरते पण बाहेर निघत नाही, अशीही तक्रार असते. पुष्कळ गाड्यांत ती किंचित आत दाबूनच शेवटच्या खाचेपर्यंत मागं न्यावी लागते. गिअर ऑटोमॅटिक असेल, तर तो 'पी'वर आहे ना ते बघा.

एका गोष्टीला मात्र उद्यावर टाकू नका. इंजिन सुरू झाल्यावर किल्ली आपोआप मागं यायला हवी. ती पुढंच अडकून खरखर चालू राहिली, तर स्टार्टर जळतो. लगेच हातानं मागं आणा, गाडी बंद करा. तरीही थांबेना, तर बॅटरीची तार काढायला हवी. हे झालं की गाडी थेट फिटरकडे. आणि खंबाटकी उतरताना पेट्रोल वाचवायला किल्ली बंद करायची सवय कुणाच्या 'ह्यांना' असेल (आमच्या ह्यांना होती), तर ती मोडाच. चालत्या गाडीत किल्ली निघाली तर स्टिअरिंग जाम होतं, आणि इंजिन बंद झाल्यावर ब्रेकही जड होतो.

जाऊबाईंच्या स्कूटरचं कुलूप धुवायला पुढच्या रविवारी फिटरला पाठवते आहे. पैसे मीच देणार, काय करता!