२४ व्होल्ट लिहिलंय, पण आत काय आहे?

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत आणि कराड-वाळव्याच्या उसात ठिबकचं ऑटोमेशन वाढतंय. कंट्रोलर, व्हॉल्व्ह चांगल्यातले घेतो आणि त्यांना करंट देणारा ट्रान्सफॉर्मर मात्र दुकानातला सगळ्यात स्वस्त. हे मला पटत नाही.

व्हॉल्व्हच्या कॉइलला बहुतेक २४ व्होल्ट एसी लागतो. ही वायर ओल्या सरीतून जाते आणि आपण तिथं अनवाणी, चिखलात. २४ व्होल्टनं जीव जात नाही म्हणतात. बरोबर, पण २३० ची गुंडाळी आणि २४ ची गुंडाळी आतून पक्की वेगळी असेल तरच. हलक्या मालात मधलं इन्सुलेशन जळालं की तीच बारीक वायर २३० घेऊन रानभर फिरते. म्हणून 'सेफ्टी आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर' असंच मागा, प्लेटवर आयईसी ६१५५८-२-६ बघा. ऑटो ट्रान्सफॉर्मर तर नकोच, त्यात दोन्हीकडं गुंडाळी एकच. कॅमेऱ्याचा डीसी अ‍ॅडॉप्टर असेल तर त्यावरचा आर-नंबर 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून बघा. दुसऱ्याच मालाचं नाव आलं तर सरळ परत करा.

आता आपल्याकडची खरी गोम. शेतीपंपाला बऱ्याच ठिकाणी तीन फेज येतात, न्यूट्रल येत नाही. मग एक फेज घ्यायचा आणि न्यूट्रल म्हणून अर्थिंगचा रॉड. चालतं, मान्य. पण उन्हाळ्यात रॉडभोवतीची माती वाळली की व्होल्टेज पडतं, आणि रॉडची वायर सुटली तर त्याच अर्थिंगला जोडलेल्या पत्र्याच्या पेटीत, मोटरच्या बॉडीत करंट उतरतो. त्यापेक्षा ४१५ व्होल्ट प्रायमरीचा ट्रान्सफॉर्मर मागवा. तो दोन फेजवर चालतो, स्टार्टरच्या कॉइलसारखा. दोन्ही फेजला फ्यूज मात्र हवाच.

लांबच्या व्हॉल्व्हला जोर कमी पडतो म्हणून काहीजण जास्त व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावतात. मग जवळच्या कॉइल तापतात. एक व्हॉल्व्ह साधारण पाव अँपिअर घेतो. ३०० मीटरवर १ चौरस मिमी तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन पावणेतीन व्होल्ट जातात. वायर जाड घ्या. पेटी आयपी ६५, वायरी खालून ग्लँडमधून.

शिराळा-पाटणकडं रानडुकरांसाठी झटका मशीन लावतात, त्याचं मानक वेगळं, आयएस ३०२-२-७६. ते क्षणभराचा झटका देऊन थांबतं. लाइन थेट कुंपणाच्या तारेला जोडली तर ती थांबत नाही, मग डुक्कर असो की शेजाऱ्याचं पोर. त्यावर वेगळं लिहितो.